सकाळच्या काकांची श्रद्धांजली

प्रिय धाकटे,

सकाळचे काका गेले, हे तुला एव्हाना कुणीतरी कळवलंच असेल. तू फोनवर हूं-हूं करून ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी आठवडाभर नाही बोलले. आता बोलणार आहे, आणि तू शेवटपर्यंत वाचायचं आहेस. मधेच घडी घालून ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे.

शहराने केवढं दुःख केलं म्हणून सांगू! न्हाव्याने दुकान बंद ठेवलं, शाळेने मुलांना लवकर सोडलं, आणि आमच्या रेडिओ केंद्राच्या फाटकाशी फुलांचा एवढा ढीग, की मला कामाला मागच्या दाराने शिरावं लागलं. आई तर दोन दिवस धड जेवली नाही. तुला तिचं माहीतच आहे. बाबांच्या माघारी या घरात सकाळी एकच पुरुषाचा आवाज असायचा, तो रेडिओतला, या काकांचा. हवामान, गाड्यांच्या वेळा, कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं, आणि शेवटी 'चला, उठा, दिवस तुमचाच आहे'. जसा काही दिवस वाटायला हाच बसला होता! केंद्राने छापलेला त्याचा फोटो आईने बाहेरच्या खोलीत बाबांच्या शेजारी लावला होता. अलीकडे मी त्याच्याखालून जाताना दातओठ खात होते. का, ते सांगते.

तू केंद्रात नवी होतीस, त्याच्या हाताखाली. एका सकाळी तो आजारी पडला आणि कार्यक्रम तू केलास. दिवसभर फोन, ही मुलगी कोण, हिला रोज बसवा. मी तेव्हा केंद्राच्या शहराबाहेरच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर कामाला होते, तिथल्या पहारेकऱ्यानेसुद्धा मला थांबवून तुझं कौतुक केलं. मग तो बरा होऊन आला, तुझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, आता तुझी रीतसर चाचणी घेऊ, टेप करू. टेप केली, तुलाच ऐकवली. तू घरी येऊन न जेवता झोपलीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, ताई, माझा आवाज पत्र्यासारखा वाजतो, मी माझ्या कानांनी ऐकलं. काकांनी किती समजावलं, म्हणाले, बेटा, सगळ्यांना सगळं मिळत नाही. तू राजीनामा दिलास, तोही त्याचे आभार मानून! तेव्हापासून तू ओठ शिवल्यासारखी जगतेस. दवाखान्यात औषधं कपाटात लावायची नोकरी धरलीस, का तर तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. तुझ्या नवऱ्याला वाटतं, तू मूळचीच अबोल. लेकीला गोष्टीचं पुस्तकही तोच वाचून दाखवतो. तुझा आवाज घरभर घुमायचा, हे त्या पोरीला कुणी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही.

तर मधे एकदा केंद्रात चहा पिताना हा काका फार रंगात आला. निवृत्ती जवळ आली होती, जुन्या गमती सांगत होता. मला म्हणाला, तुझ्या बहिणीने मला घाम फोडला होता हो. आणि हसत हसत सगळं सांगितलं. टेप चांगलीच झाली होती. तुला ऐकवताना त्याने फक्त यंत्राची दोन बटणं फिरवली, आवाजाचा जाड भाग काढून टाकला आणि चिरका तेवढा वर चढवला. असं केलं की कुणाचाही आवाज डबा वाजल्यासारखा येतो. अगं, ती राहिली असती तर मला कोण विचारणार होतं, म्हणाला, आणि गंमत म्हणजे तिला लगेच पटलं! गंमत! मी हातातला कप खाली ठेवला, नाहीतर त्याच्या डोक्यात घातला असता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. वर त्याला वाटत होतं, मीही हसेन.

तुला तेव्हाच कळवलं नाही, कारण मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. त्याच्याच तोंडून, त्याच्याच कार्यक्रमात, सगळ्या शहराच्या देखत वदवून घ्यायचं होतं. त्याच्या निरोपाची मुलाखत मी घेणार, हे केंद्राच्या साहेबांकडून कबूलही करून घेतलं होतं. आणि हा गृहस्थ मुलाखतीच्या आधीच झोपेत गेला. अगदी सुखाने. सगळे रडले, मीही रडले, पण रागाने.

मग श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरला, त्याच्याच सकाळच्या वेळेला. साहेब म्हणाले, दोन मिनिटं रेडिओ पूर्ण शांत ठेवायचा. आता आमच्याकडे एक राखणदार यंत्र आहे. थोडा वेळ आवाज प्रसारित झाला नाही की त्याला वाटतं बिघाड झाला, मग ते आपणहून राखीव ध्वनिमुद्रण सुरू करतं. एरवी त्यात बासरी असते. साहेबांनी बजावलं, बाई, ते यंत्र तेवढं बंद ठेवा. मी म्हटलं, हो साहेब. आणि यंत्र चालूच ठेवून, बासरी काढून तुझी टेप त्यात भरली. गोदामात धूळ खात पडली होती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी ती लगेच पुन्हा लावली, इतका तुझा आवाज स्वच्छ आणि भरलेला.

शांतता सुरू झाली. शहर मान खाली घालून उभं. आणि धाकटे, तू बोललीस. चाचणीला वाचलं होतंस तेच, उद्या आकाश निरभ्र राहील, सकाळची पहिली गाडी उशिरा सुटेल, बाजारामागच्या गल्लीतून एक तपकिरी कुत्रं हरवलं आहे, त्याचा एक कान उभा आणि एक पडलेला. साहेब काचेपलीकडून हातवारे करत होते. मला दिसले नाहीत, म्हणजे मी तिकडे बघतच नव्हते. टेप संपेपर्यंत हाताची घडी घालून बसले.

साहेबांनी नंतर माझी यथेच्छ खरडपट्टी काढली. मी म्हटलं, यंत्राने यंत्राचं काम केलं. पण तोवर फोन सुरू झाले होते. पहिले काही शिव्यांचे. मग एकच प्रश्न, ती बाई कोण? एकाने तर सांगितलं, आमच्या जिन्याखाली एक तपकिरी कुत्रं बसलंय, तेच का बघा. संध्याकाळपर्यंत काकांचं नाव कुणी काढेना, आणि तेही त्यांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. घरी आले तर आई दारातच. म्हणाली, धाकटी बोलली ना गं? मी तिला सगळं सांगितलं. तिने स्टूल ओढलं. स्टुलावर चढली, त्याचा फोटो उतरवला आणि आत नेऊन तेलाच्या बरणीखाली घातला.

आता हे लिहिण्याचं कारण. काल साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते म्हणाले, ती बाई अजून बोलते का? मी म्हटलं, बोलेल. काकांच्या जागेसाठी येत्या सोमवारी चाचणी आहे आणि मी तुझं नाव दिलं आहे, तुला न विचारता. आणखीही लोक येतील. वशिला चालणार नाही आणि मी लावणारही नाही. इतकी वर्षं आवाज बांधून ठेवलास, आधी खरखरेल, खोटं कशाला सांगू? निवड झाली नाही तर नाही, पण या वेळी निर्णय तुझा खरा आवाज ऐकून होऊ दे. झालं गेलं विसर म्हणून मी सांगणार नाही. काही विसरू नकोस, चांगली चिडून ये. त्याची खुर्ची अजून त्याच्याच मापाने खाली केलेली आहे. मी कुणाला हात लावू दिलेला नाही. ती तुझ्या हाताने वर करून घे आणि बस.

वाट बघणारी,
तुझीच ताई