पिन आपल्या वजनाने खाली पडली पाहिजे

प्रिय ठोक्या,

फोन असताना ताईला पत्र लिहायची काय बुद्धी सुचली, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी घाबरले म्हटलं की हसतोस आणि आईला दे म्हणतोस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहिते. मी घाबरले आहे. कितीतरी दिवस घास गिळवत नाही, आणि त्याचं कारण तू आहेस.

आई बरी आहे. तिला अजून वाटतं की त्या उंच इमारतींच्या काचा तू आतून पुसतोस. परवा शेजारणीला सांगत होती, आमच्या धाकट्याचं काम सावलीतलं आहे. मी मान डोलावली. दोरांना टांगलेल्या पाळण्यात दोन्ही हात सोडून काढलेला तुझा तो फोटो मी तिला दाखवलेला नाही. मी मात्र तो रोज बघते, तुला कमी आणि तुझ्या डोक्यावर गच्चीच्या कडेबाहेर आलेल्या, तो पाळणा पेलणाऱ्या लोखंडी दांड्यांना जास्त. प्रत्येक नव्या इमारतीवर त्या दांड्या तुम्हीच भोकांत जाड पोलादी पिना घालून जोडता, हे तूच सांगितलं होतंस. त्या पिना आता आमच्या कारखान्यात होतात. बाहेर जाणाऱ्या खोक्यांवर तुझ्या टोपीवरचंच चिन्ह असतं.

माझं काम तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस, आज ऐक. पिनेची जाडी मी मायक्रोमीटरने मोजते, समोरासमोरच्या दोन बाजू चिमटीत धरून, वर, मध्ये, खाली. आता वाकडी काकडी घे. ती कुठेही चिमटीत धरली तरी जाडी बरोबर भरू शकते, म्हणून ती सरळ ठरत नाही. पूर्वीच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जे मानक, म्हणजे मापं कशी वाचायची त्याची नियमावली, लिहिलेलं असायचं, त्याचा नियम असा, की जाडीची मर्यादा पाळली असं म्हणायचं तर पिन तेवढ्याच मापाच्या सरळ नळीतून आरपार गेली पाहिजे. वाकडी पिन तिथेच सापडायची. नव्या ड्रॉइंगवर रेषा त्याच, आकडे तेच, कोपऱ्यातलं मानक तेवढं बदललं आहे. या मानकात जाडी वेगळी आणि सरळपणा वेगळा. सरळपणा हवा असेल तर ड्रॉइंगवर त्याचं वेगळं चिन्ह काढून मागावा लागतो. ते काढायचं राहून गेलं की मुद्दाम गाळलं, हे मला कळत नाही.

या खेपेला पिना भट्टीतून कडक होऊन आल्या आणि मी जुन्या सवयीने त्या नळीत घालून पाहिल्या. काही अडकल्या. सपाट दगडी पाटावर ठेवल्या, तर खालून उजेडाची बारीक फट दिसली. मी तडक साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही रे. त्यांनी मला बसवलं, मानक काढलं आणि आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचली. बोट ठेवायला जागा नव्हती, त्यांचा अर्थच बरोबर होता. कोणत्या कलमाखाली नापास करू ते सांगा, म्हणाले. भीती हे काही कलम नाही, ताई, असंही म्हणाले, पण हळू आवाजात. माझ्या समाधानासाठी त्यांनी ड्रॉइंग काढणाऱ्यांना विचारून ठेवलं आहे, की तुम्हाला पिन सरळ हवी आहे की नको. उत्तर आलेलं नाही. माल नियमाने पास झाला आणि आज सकाळी गेलासुद्धा.

कदाचित काहीच होणार नाही. वाकडी पिन भोकात हाताने जाणार नाही, शहाणा माणूस ती बाजूला ठेवील. इथेच मला तू आठवतोस. आईच्या शिवणाच्या मेजाचा खण दमट हवेने फुगला होता, तो तू हातोडीने ठोकून आत बसवलास आणि बसला, बसला म्हणून घरभर नाचलास. तो आजतागायत बाहेर आलेला नाही, आईची चांगली कात्री आतच आहे. त्या दिवशी बाबांनी तुला हे नाव ठेवलं. बाबा गेले, नाव राहिलं. हाताने न जाणारी पिन तुझ्या हाती लागली तर तू काय करशील, हे मला कोणी सांगायला नको. ठोकून बसवलेली पिन दिसायला अगदी घट्ट दिसते. पण भार तिच्या सगळ्या अंगावर येत नाही, एका कडेवर येतो, आणि पाळण्यात उभं राहिलेल्याला ते दिसत नाही. रात्री डोळे मिटले की मला ती कडच दिसते.

पार्सलमध्ये स्वेटरच्या आत जड काहीतरी लागेल, तो खाऊ नाही. आमच्या टर्नरकाकांकडून मी एक पोलादी नळी करून घेतली आहे, आमच्या नळीच्याच मापाची. आतलं माप मी स्वतः घेतलं आहे, पुन्हा पुन्हा घेतलं आहे. हे पत्र त्या नळीसाठीच आहे. वर चढू नकोस असं मी म्हणत नाही, तू ऐकणार नाहीस. नवी खोकी आली की प्रत्येक पिन पुसायची, नळी उभी धरायची आणि पिन वरून सोडायची. आपल्या वजनाने खाली पडली तर ती तुझी. अडकली तर ती पिन लावायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी. हातोडी खालीच ठेवून जा. बरोबरची माणसं हसतील, त्यांना सांग आमची ताई भित्री आहे, ते खरंच आहे. एक जरी अडकली तरी मला फोन कर. एकही अडकली नाही तरी कर, म्हणजे त्या दिवशी मी जेवेन.

तुझीच, जिच्या भीतीला तू हसतोस ती
ताई