एकेका अक्षराची पॅकेटं

३ जून, सिंदी मेघे
नवी नोकरी! वासुदेवराव म्हणजे इंटरनेट कंपनीचे मालक, पण स्टेशनवर न्यायला स्वतः आले. राहायला त्यांच्याच घरातली वरची खोली. त्यांच्या बायकोनं, सुलोचनाकाकूंनी, सांभारवडी (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात) वाढली, वर म्हणाल्या, नागसेन, हे घर तुहंच समज. आई गेल्यापासून असं कोणी म्हटलं नव्हतं. आधीचा इंजिनिअर योगेंद्र पुण्याला गेला म्हणे. अशी माणसं सोडून गेला, वेडाच!

५ जून
नेट रांगतंय, ग्राहक बोंबलतायत, आणि एकूण डेटा मात्र मूठभर. आज चोर सापडला. सेकंदाला चाळीस हजार पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, सगळे चिमुकले. आपली मर्यादा डेटाच्या वजनावर होती, पॅकेटांच्या नगावर नव्हती. आष्टीच्या बाजारात एक ट्रक सोडणं सोपं. हजार बाया सांभाराची एकेक जुडी घेऊन आल्या, तर नाक्यावरचा माणूस मोजूनच मरेल.

६ जून
पॅकेटं आष्टी रस्त्यावरच्या टॉवरखोलीतून येतात. वासुदेवकाका म्हणाले, ते खोली चार महिन्यांपासून बंद हाय, मशीन बिघडलं असन, फेकून दे सारं. तिथून येणारं प्रत्येक लहान पॅकेट दारातच फेकायचा नियम लावला. नेट सुसाट! काकांनी पाठ थोपटली. काकूंनी डब्यात जास्तीची वडी घातली.

८ जून
फेकलेली पॅकेटं सहज उघडून पाहिली. प्रत्येकात एकच अक्षर. ओळीनं लावली: दार उघडा मी योगेंद्र. पुन्हा तेच. हजारो वेळा.
त्याच्या घरी फोन केला. आई म्हणाली, चार महिने झाले, पोराचा आवाज नाई ऐकला.

९ जून
काकांना दाखवलं. रागावले नाहीत. उद्या दोघं जाऊन पाहू, म्हणाले. काकू वाढता वाढता थांबल्या. मला धीर आला. घरचीच माणसं.

१० जून
टॉवरखोली. योगेंद्र आहे इथे. हाडं. जळकी वायर. गळ्यात आमच्याच कंपनीचं ओळखपत्र. शॉक लागला होता त्याला. दवाखाना जवळच, सेवाग्रामला होता — काकांनी पोलीस केस होईल म्हणून कुलूप लावलं. दारावर आतून ओरखडे. म्हणजे जिवंत होता.
मशीनची वायर तुटलेली. तरी दिवा लुकलुकतोय —
मागे दार लागलं. काका बाहेरून म्हणाले, माफ कर लेका, माही कंपनी बुडन. मग गाडी गेली.

११ जून?
मोबाइलला रेंज नाही. काकूंनी काल डबा दिला नव्हता. रोज देतात. काल नाही — त्यांना माहीत होतं. घर तुहंच समज म्हणाली होती ती!
लॅपटॉप मशीनला जोडला. एका वेळी एकच अक्षर जातं. दार उघडा मी नागसेन — पाठवतोय —
पलीकडे नियम: इथलं लहान पॅकेट दारातच फेका. मीच लावलेला.
योगेंद्रचा हात मघाशी भिंतीपाशी होता. आता माझ्या बोटांवर — तोही टाइप करतोय —
दा