आधी धाकट्याला कळवावे

मी, खाली सही करणारा, वय बाहत्तर, कारखान्याचा निवृत्त जनसंपर्क अधिकारी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कान तर गरजेपेक्षा तल्लख आहेत. आतल्या खोलीत लेक वकीलसाहेबांना "बाबांना मध्येच तोडू नका हं" असे बजावते आहे, तेही ऐकू येते.

१. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, आणि बँकेतली शिल्लक लेकीची. जावईबापूंनी गॅलरीला काचा लावू नयेत. काचा लावल्या की जिन्यातले ऐकू येत नाही.

२. हातात धरायचा भोंगा माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावा. मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून चिकटलो आणि ऐकून ऐकून बोलायला शिकलो. त्यांना एवढेच सांगणे : खोट्या आगीची तालीम चुकवू नये, बोलणारे तोंड एकच असावे, आणि जे माहीत नाही त्याला "माहीत नाही" म्हणावे.

३. माजी संचालक, ऊर्फ 'सारं आलबेल', यांना माझा आरसा. त्यांच्या वतीने द्यायची उत्तरे मी त्यात बघून पाठ करायचो. आता त्यांनी स्वतः बघून बोलून पाहावे.

४. धाकटा भाऊ. बॉयलर फुटला तेव्हा तो आत कामावर होता, हात भाजला. बाहेर कामगारांवर खापर फुटत होते. मी फाटकावर वार्ताहरांना म्हणालो, "कारण अजून माहीत नाही." इस्पितळात त्याने विचारले, "दादा, आमची चूक नाही एवढं म्हणायला तुझी जीभ झडली होती?"

"चौकशी व्हायचीय रे."

"मी तुझा भाऊ आहे की वार्ताहर?"

चौकशीत कामगार निर्दोष ठरले. तेही मी त्याच फाटकावरून सांगितले, पण तोवर तो घर सोडून गेला होता. आजही मी तेच बोललो असतो. मात्र जिन्यात पाऊल वाजले की ते त्याचे नाही हे दुसऱ्या पायरीलाच कळते, तरी दार मीच उघडतो.

५. दुर्घटनेची खबर आधी घरच्यांना, मग वर्तमानपत्रांना, ही आमच्या कामाची रीत. त्या दिवशी प्रत्येक घरी माणूस पोचेपर्यंत मी वार्ताहरांना ताटकळत ठेवले होते. म्हणून माझ्या निधनाची बातमी धाकट्याला कळण्याआधी कुठेही देऊ नये. फोन नको, लेकीने त्याच्या दारी जावे. पत्ता तिला ठाऊक आहे. दर सुट्टीत ती 'मैत्रिणीकडे' जाते, ती मैत्रीण कोण हे मी कधी विचारले नाही. तो येईपर्यंत मला हलवू नये.

६. तो विचारेल, "दादा काही म्हणाला का?" तेव्हा निवेदन वाचू नये. "वाट बघत होता," एवढेच सांगावे. वकीलसाहेब म्हणतात, या वाक्याला कायद्यात अर्थ नाही, खोडा. खोडलेले नाही.

सही : मृत्युपत्र करणारा

साक्षीदार :
१. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य
२. कारखान्याच्या फाटकावरचे जुने पहारेकरी

स्थळ : राहते घर, जिन्याकडची खोली
दिनांक : १६ मार्च