करडा माइक

१६ सप्टेंबर २०१६, शुक्रवार, सूर, ओमान

सतीश पहाटेच दुक्मच्या साइटवर गेला. आता दोन आठवड्यांनी. मिहीर पुण्याला हॉस्टेलवर जाऊन तीन महिने झाले. घर खायला उठतंय.

संध्याकाळी गेले शेवटी फुटबॉल स्टेडियमवर, एकटीच. मिहीने जाताना शब्द घेतला होता, "आई, होम मॅचेस तू बघायच्या आणि मला सांगायच्या. प्रॉमिस." चौथीपासून तोच मला ओढत न्यायचा. मी स्वेटर विणत बसायची. इथल्या उकाड्यात स्वेटर!

फाटकावर म्हातारा राखणदार खमीसचाचा तसाच, काठी घेऊन. आम्ही बाकी पुरुषांच्यात पायऱ्यांवर बसत नाही म्हणून तो फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या टाकायचा. आजही दोन टाकल्या. "उम मिहीर! वलद किधर?" उम मिहीर म्हणजे मिहीरची आई, इथे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात; वलद म्हणजे पोरगा. म्हटलं, पुणे, कॉलेज. "बुकरा आएगा?" उद्या येईल का म्हणे. म्हटलं, इन्शाल्ला. दुसरं काय सांगणार?

०-२ हरलो. फाटकाबाहेर गाडीत बसून व्हॉइस नोट पाठवली. इथे नेटवरून कॉल बंद, फोन महाग, तेव्हा हेच. दोन मिनिटांत नोटशेजारचा माइक निळा. उत्तर आलं, "आई, इट्स नॉट 'बॉल बाहेर', इट्स थ्रो-इन. बट गुड ट्राय." हसत होता गधडा. रात्री भात जास्त गेला.

३० सप्टें., शुक्र.

१-१. ऑफसाइड अजून कळत नाही. नोटमध्ये सांगितलं की आपला तो उंच पोरगा पुढे जाऊन उभा होता, बिचाऱ्याने काही केलं नाही तरी झेंडा वर केला. मिही म्हणाला, "हेच ऑफसाइड, आई!"

व्हॉट्सॲपचं मला आता नीट कळलंय. टिक निळी म्हणजे त्याने चॅट उघडलं, एवढंच. नोटशेजारी एक चिमुकला माइक असतो, तो करडा. ऐकलं की निळा. म्हणजे टिकवर विश्वास नाही, माइकवर आहे. आजचा लगेच निळा.

१४ ऑक्टो., शुक्र.

जिंकलो. २-१. ढोलवाली पोरं वेडी झाली, माझ्या खुर्चीपर्यंत नाचत आली, मग मला बघून लाजून मागे गेली. मध्यंतरात मगरिबची अजान, सगळे मैदानाच्या कडेला रांगेत नमाजाला. तेवढा वेळ मी आणि मागचे डोंगर. बाकी कोणी नाही.

जोरात नोट केली, ओरडलेच जवळजवळ. टिक निळी. माइक करडा.

१६ ऑक्टो.

माइक करडाच. खाली अंगठा आलाय. अंगठा! पोटच्या पोराने आईला अंगठा पाठवावा.

टेस्ट असेल. असू दे.

२ नोव्हें.

दिवाळी झाली म्हणायची. क्लासची टेस्ट सिरीज, म्हणून तो आला नाही. लक्ष्मीपूजनाला फोनवर: "हो." "जेवलो." "आहे गं." "ठेवू?" स. होता दोन दिवस, झोपून काढले त्याने, तेही बरोबरच, तिकडे उन्हात राबतो.

चकल्या कुणासाठी केल्या कोण जाणे. डबाभर खमीसचाचाला नेऊन दिल्या, मागच्या शुक्रवारची मॅच हरलो त्यानंतर. एक खाऊन म्हणाला, "बम्बई में खाया था. लाँच में गया था मैं, जवान था." सूरच्या म्हाताऱ्यांना अशी मोडकी मुंबईची हिंदी येते. बरं वाटतं कानाला.

त्या मॅचचा माइकही करडा.

११ नोव्हें., शुक्र.

स्कोअर सांगितला आणि मग नोट बंदच केली नाही. कोणी ऐकत नाही म्हटल्यावर तोंडाला कसलं कुलूप? सांगितलं की सकाळी दोन ताटं घेतली, एक परत ठेवलं. की तुझ्या खोलीचा एसी मी रोज दुपारी लावते, खोली बंद राहून वास येतो म्हणून. ते खोटं आहे, मी तिथे झोपते, तेही सांगितलं.

करडा. बरंय.

२५ नोव्हें., शुक्र.

हरलो. किती ते विसरले.

आज सांगून टाकलं. की मिही, तुला पाठवायचं नव्हतं मला. बाबा म्हणाले इथे स्कोप नाही, अकरावी-बारावी पुण्यातच, आणि तू पण उड्या मारत होतास, मग मी कशाला मध्ये पडू. एअरपोर्टवरून सूरपर्यंत गाडी मी चालवली, बाबांना वाटलं डोळ्यांत वाळू गेली. बोलून हलकी झाले. भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं, भिंतीला माइक नसतो.

स. घरी होता. "काय गं, तू आणि फुटबॉल?" म्हटलं, जाते आपली. "त्याला सारखं काही पाठवत जाऊ नकोस, अभ्यास करू दे." म्हटलं, तो ऐकतच नाही, काळजी करू नकोस.

९ डिसें., शुक्र.

डिसेंबरच्या सुट्टीतही येणार नाही. क्रॅश कोर्स. मला नाही, स.ला फोन करून सांगितलं. स.ने मला सांगितलं. मी कुठे आहे या साखळीत?

खमीसचाचाला म्हटलं, आजपासून एकच खुर्ची. तरी दोन आणल्या. "खाली कुर्सी रोटी मांगती है क्या? रहने दो, उम मिहीर." एवढं बोलून गेला आपला फाटकावर.

मॅच पाहिलीच नाही. नोट मात्र केली, लांबलचक. म्हटलं, मला इथे कुणी नाही रे मिही. बायका आहेत, भिशी आहे, सगळं आहे, पण दिवसभरात मला हाक मारणारा हा एक म्हातारा, आणि तोही तुझ्याच नावाने मारतो. तू नाहीस तर मला नावच नाही. मला फुटबॉल आवडत नाही. कधीच आवडला नाही. मी खुर्चीसाठी येते.

रडले. पाठवून दिलं.

१६ डिसें., शुक्र.

मॅच नाही. स.चा फोन, मिहीला ताप आहे, वॉर्डन म्हणाले व्हायरल. म्हटलं मी जाते. "तापासाठी कोणी विमानाने जातं का?" जातं की. मिहीला फोन लावला, "बरा आहे, आई. झोपतो." आवाज बसलेला.

मेतकूट-भात कोण देणार त्याला तिथे.

१७ डिसें., शनि.

दुपारी सहज चॅट उघडलं. १४ ऑक्टोबरचा माइक निळा.

वाटलं डोळे फसले. बघता बघता त्याच्या खालचा निळा. तो चकल्यांच्या आठवड्यातला. पडल्या पडल्या ऐकतोय तो, एकापाठोपाठ एक, क्रमाने. पोरगं माझी बडबड ऐकतंय या आनंदात होते, आणि एकदम आठवलं पुढे काय काय आहे.

शेवटच्या नोटा भराभर पुसल्या. मग कळलं, पुसलं ते माझ्याच फोनवरून, त्याच्याकडे आहे तसंच. आता तर माइकही दिसेना मला, त्याने किती ऐकलं, कुठे थांबला. काय अक्कल माझी. फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही.

तापलेल्या पोराच्या कानात मी काय ओतून ठेवलंय. तुला पाठवायचं नव्हतं. मला नावच नाही. सोळा वर्षांचं पोर ते. त्याला कळायला नको होतं यातलं काही. आणि खरं लिहायचं तर, कळावं असंही वाटत होतं, नाहीतर पाठवलंच कशाला?

चार वाजता 'टायपिंग'. गेलं. परत 'टायपिंग'. गेलं.

मग त्याची व्हॉइस नोट आली. तीन मिनिटांच्या वर. त्याने आजवर एवढी लांब कधीच केली नाही.

घरात ऐकवेना. गाडी काढली, स्टेडियमवर आले. मॅच नाही, दिवे बंद, फाटक अर्धं उघडं. खमीसचाचा पाइपने झाडांना पाणी घालत होता. म्हणाला, "आज कुछ नहीं है, उम मिहीर." म्हटलं, मालूम है. त्याने पाणी बंद केलं, आत गेला, दोन खुर्च्या आणल्या.

एकीवर मी. दुसरीवर फोन ठेवलाय. हे इथेच बसून लिहितेय.

त्याच्या नोटचा माइक माझ्याकडे अजून निळा झालेला नाही. त्याच्याकडे तर करडाच दिसत असेल. तो बघत असेल का? ताप असताना, फोन छातीवर ठेवून, आईने ऐकलं का, आईने ऐकलं का असं?

अजान झाली. ऐकते.