दर्जासाठी माझा एकट्याचा लढा

२ जुलै २०१५
किळस आली. दुसरा शब्द नाही. सकाळी पेपर उघडला तर बातमी : होमिओपॅथीवाल्यांना एक वर्षाचा कोर्स करून आमची औषधे लिहिता येणार. एक वर्ष! मला एम.डी. व्हायला सगळे धरून अकरा वर्षे लागली. (त्यातली दोन परीक्षकांच्या आकसामुळे.)
समोरच डॉ. शाकीबचा होमिओपॅथीचा दवाखाना. पेशंटची रांग पार पानठेल्यापर्यंत. माझ्याकडे रांग नसते, कारण दर्जा असतो तिथे गर्दी होत नाही. सौ. भावना म्हणाली, गॅलरीत उभे राहून त्याची रांग बघता तेवढ्या वेळात आपला दवाखाना उघडला तर दोघे-तिघे तरी येतील. तिला मुद्दाच कळलेला नाही.
संकल्प : वैद्यकीय शिक्षणाच्या घसरत्या दर्जावर पेपरात लेखमाला. अमरावती हादरली पाहिजे.

५ जुलै
लेखमालेचे नाव ठरले : ‘दर्जा’.

६ जुलै
नाव बदलले. ‘दर्जा : एक चिंतन’. काम झपाट्याने पुढे सरकते आहे.

९ जुलै
उत्तमरावांचा फोन. कापसाचा धंदा बसल्यावर या गृहस्थांनी अकोला रोडवरच्या आपल्या बंद जिनिंगमध्ये मेडिकल कॉलेज काढले. मी तिथे मेडिसिनचा सहयोगी प्राध्यापक आहे. कागदावर. माझ्या मुलाच्या, प्रीतमच्या ॲडमिशनच्या वेळी त्यांनी आम्हाला सांभाळून घेतले, तेव्हापासून मी त्यांना सांभाळतो. आता पोरगा फायनलला आला. शिकवायला जायचे माझ्या मनात नेहमी असते, पण त्या रस्त्यावर खड्डे फार.
उद्या मेडिकल कौन्सिलचे इन्स्पेक्शन आहे म्हणे. उत्तमराव म्हणाले, डॉक्टरसाहेब, तुमाले कोन शिकवाले सांगून राह्यलं? निस्तं पांढरा कोट घालून वार्डात उभे राहा. पेशंटची सोय मी करून राह्यलो.
संकल्प : इन्स्पेक्शन आटोपले की दर सोमवारी नियमित लेक्चर.

१० जुलै
पेशंट टेम्पोने आले. भातकुलीकडचे. पाऊस दडून बसलाय, निंदणाचे काम नाही, त्यामुळे यंदा पेशंट पाहिजे तेवढे मिळतात, असे उत्तमराव अभिमानाने सांगत होते. जेवण, रोजी आणि दिवसभर गादीवर पडून राहायचे.
पण काय तो दर्जा! एकाच्या उजव्या पायाला प्लास्टर आणि लंगडतोय डाव्याने. पोटदुखीवाला दुसरी प्लेट आलूबोंडे मागतोय. तापाच्या दोघी एका खाटेवर बसून खिदळतायत. शिसारी आली. पेशंट भाड्यानेच आणायचे तर ते तरी नीट निवडून आणावेत. यात मेहनत घ्यायची कोणाची तयारीच नाही.
एकच बाई कामाची निघाली. पंचफुला, खाट नंबर चौदा, तिशीच्या आतबाहेर. केसपेपरवर तिला ॲसिडिटी दिली होती, पण तिने मनानेच दम लागण्याची भर घातली. चार पावले टाकली की थांबायची, खाटेची दांडी धरायची. मी हटकले तर म्हणे, साहेब, मी रोजीसाठी नाई आली. मोठमोठे डॉक्टर येनार म्हनून तपासून घ्याले आली. मले खरंच दम लागते. भूमिकेत इतकी शिरलेली बाई मी नाटकातसुद्धा पाहिलेली नाही. लय चांगलं करते बाई तू, अशी तिच्याच भाषेत शाबासकी दिली.
तेवढ्यात इन्स्पेक्टर वॉर्डात शिरले. हाताशी होती ती मुले खाटेभोवती उभी केली आणि क्लास सुरू केला. त्यात प्रीतमही होता. त्याने तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, सर, काहीतरी घरघर येऊन राहिली, दूर कुठं गिरणी चालू असल्यासारखी.
माझ्या तोंडचे पाणी पळाले. भाड्याच्या बाईच्या छातीत कसली आलीय घरघर! लाइट गेलेली होती, खिडकीमागे जनरेटर धडधडत होता. मी म्हणालो, तो जनरेटर आहे. हिचे हार्ट एकदम नॉर्मल. नॉर्मल हार्ट असेच ऐकू येते, कानात साठवून ठेवा. मुलांनी ओळीने ऐकले. इन्स्पेक्टर मान डोलवून पुढे गेले. मला स्वतःला स्टेथोस्कोप लावायची गरजही पडली नाही. निरोगी माणूस मला दारातून कळतो, अनुभव म्हणतात तो हाच.
परत येताना गाडीत प्रीतम म्हणाला, टाइमटेबलवर तुमचं नाव आहे बाबा. सोमवारी पोरं हॉलमध्ये वाट पाहतात, मग क्रिकेट खेळायला जातात. या पिढीला खेळाशिवाय काही सुचत नाही.

२० जुलै, सोमवार
लेक्चरला निघालोच होतो. गाडीचा एसी बंद निघाला. घामाघूम प्राध्यापक बघून मुलांवर काय संस्कार होणार?

२७ जुलै, सोमवार
एसी झाला. मूड गेला.

३ ऑगस्ट
आज सोमवार असल्याचे दुपारी जेवताना कळले.

२३ ऑगस्ट
परिसंवाद : ‘एका वर्षात डॉक्टर होतो का?’ वक्ते मी आणि डॉ. शाकीब. मी पाऊण तास बोललो. विद्यार्थी पेशंटच्या उशाशी घडतो, गुरूच्या नजरेखाली घडतो, असे म्हणालो तेव्हा माझाच गळा भरून आला.
शाकीब उठून म्हणाला, सर, एक साल कमीच पडते, हे मले कबूल आहे. आमालेबी जास्त शिकाचं आहे, कोनी शिकवा तर खरं. पन तुमी तुमच्या कॉलेजात हप्त्याचे किती क्लास घेता? प्रश्न विषयाला सोडून होता, तसे मी स्पष्ट सांगितले. सभागृहात मोठा हशा झाला. तो माझ्या बाजूने होता असे मी धरतो.
मागच्या रांगेत प्रीतम होता. तो हसला नाही. घरी आल्यावर न जेवताच खोलीत गेला.

१८ नोव्हेंबर
दुसरे इन्स्पेक्शन. मागच्या वेळच्या त्रुटी दूर झाल्या का, हे बघायला. टेम्पो भरून त्रुटी दूर केल्या.
मी उत्तमरावांना आधीच सांगून ठेवले होते की त्या चौदा नंबरच्या बाईला नक्की आणा. बाई आली आणि मी थक्कच झालो. केवढी प्रगती! आता ती आडवीच होत नव्हती. उशीला टेकून बसूनच होती. पायांवर सूज. ती कशी आणली देवच जाणे. बोलताना मध्येच श्वास घ्यायची. म्हणे, साहेब, तुमी मागं सांगतलं का समदं नॉर्मल हाये, म्हनून मी कुठंच गेली नाई. पन आता पानी शेंदनंबी होत नाई मायाच्यानं. सासू म्हनते, ढोंग करून राह्यली. डोळ्यांत पाणीसुद्धा आणले तिने.
मी ॲसिडिटीच्या गोळ्यांचे सॅम्पल दिले. तेवढीच माणुसकी. उत्तमरावांना म्हणालो, बाकीच्यांना हिच्या हाताखाली ट्रेनिंग द्या. ते म्हणाले, पाहू.
परतताना तिच्या पायांवर बोट दाबून बघावे असे एकदा मनात आले होते. पण गाडी सुरू झाली होती.

२ जानेवारी २०१६
प्रीतमची प्रॅक्टिकल महिन्यावर आली. सकाळी चहा घेताना म्हणाला, मी डॉक्टर होऊन राहिलो आणि मी खरा आजारी माणूस पाहिलाच नाही. वॉर्डात इन्स्पेक्शन नसलं की खाटा रिकाम्या असतात. बाबा, मले भीती वाटते. भावना माझ्याकडे बघत राहिली. काहून बघत होती कोण जाणे. (माझ्याही लिहिण्यात वऱ्हाडी शिरू लागली. दर्जा.)
मी म्हणालो, पुस्तकात सगळे असते. आणि मी आहे ना.
संकल्प : उद्यापासून रोज सकाळी प्रीतमला एक तास शिकवणे.

३ जानेवारी
थंडी.

४ जानेवारी
थंडी. शिवाय ‘दर्जा : एक चिंतन’चे पहिले वाक्य सुचले. ‘आज काय दिसते?’ पुढचे येईना.

५ फेब्रुवारी
बाप म्हणून करायचे ते केले. बाहेरचा परीक्षक नागपूरचा आहे, कडक आहे म्हणतात. परीक्षेला पेशंट लागतात आणि कॉलेजकडे पेशंट नाहीत, म्हणून ऑफिस पुन्हा टेम्पो पाठवणार. मी उत्तमरावांना म्हणालो, पंचफुलाबाईला आणा आणि तीच केस प्रीतमला द्या. हिस्टरी ॲसिडिटीची, तपासणीत सगळे नॉर्मल, पोराने आधी ऐकलेलेही आहे. डोळे मिटून पास. उत्तमराव म्हणाले, तुमच्या पोरासाठी एवढं तं करूच.
यात गैर काही नाही. एरवी एखादी भलतीच केस पदरात पडली असती आणि गुणी मुलगा वाया गेला असता.

९ फेब्रुवारी
आज प्रॅक्टिकल. पेढे आणून ठेवले. शाकीबलाही देणार आहे, मन मोठे पाहिजे.

१० फेब्रुवारी
पेढे फ्रीजमध्ये आहेत.
जे कळले ते असे. प्रीतमने केस छान मांडली. ॲसिडिटी, हार्ट नॉर्मल. परीक्षक, वय असेल जेमतेम चाळीस, स्वतः बाईजवळ गेला. तिला डाव्या कुशीवर वळवून बराच वेळ ऐकले. मग विचारले, दुसरा काहीच आवाज नाही? प्रीतम म्हणाला, बारीक घरघर आहे सर, पण तो जनरेटर आहे. परीक्षक म्हणाला, वर बघा, लाइट आहे. जनरेटर बंद आहे.
प्रीतमने पुन्हा स्टेथोस्कोप लावला. त्याला घरघर ऐकू आली, तशीच्या तशी.
बाईच्या हृदयाची झडप आवळत गेली आहे. लहानपणीच्या सांधेतापाने होते तशी. तीही बरीच. परीक्षकाने तिला विचारले, याआधी कोणी तपासले होते का? ती म्हणाली, दोनदा आली ना मी इथं. मोठे डॉक्टर होते. ते म्हने, लय चांगलं करते बाई तू.
यानंतर त्या माणसाने परीक्षा थांबवली आणि सगळ्या मुलांना एकेक करून ते हृदय ऐकायला लावले. समजावून सांगितले. घरघर कधी येते, कुठे ऐकायची, बाई का दमते, पाय का सुजतात. दोन तास! ही परीक्षा आहे की क्लास? नियम काही आहेत की नाहीत? किळस आली. विद्यापीठाकडे तक्रार करणार आहे. असल्या पोरगेल्या परीक्षकाची लायकी कोण तपासते?

१२ फेब्रुवारी
तक्रारीचा मसुदा केला. त्यात ‘मी स्वतः त्या रुग्णाला तपासले असता’ असे एक वाक्य येते. ते वाक्य काढले तर तक्रार उरत नाही, आणि ठेवले तर ते खरे नाही. मसुदा बाजूला ठेवला.
उत्तमरावांचा फोन. म्हणाले, तो नागपूरवाला तुमचं नाव विचारून राह्यला, काही दिवस इकडं येऊ नका. मी म्हणालो, मी येतच कुठे होतो. ते हसले. मला हसू आले नाही.

११ मार्च
प्रीतम नापास. पुन्हा सहा महिने. भावना दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवण मात्र वाढले.
संकल्प : हे सहा महिने रोज दोन तास प्रीतमला स्वतः शिकवणे. या वेळी खरोखर. जुनी पुस्तके माळ्यावरून काढली, धूळ झटकली.

१४ मार्च
संकल्प प्रीतमला वाचून दाखवला. तो ऐकून घेऊन म्हणाला, बाबा, आजवर तुम्ही मला एकच गोष्ट शिकवली. तेवढीच मी परीक्षेत सांगितली. आवाज चढवून म्हणाला असता तर मीही चढवला असता.
तो बॅग भरत होता. त्या परीक्षकाने पंचफुलाबाईला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तारीख मिळवून दिली आहे. फुगा घालून झडप उघडणार. पोटात पाणी व्हायच्या आत आली म्हणून जमेल, असे प्रीतम म्हणाला. तो तिच्यासोबत जाणार आणि सहा महिने तिथेच राहणार. परीक्षक म्हणाला आहे, वॉर्डात येऊन उभा राहा, मी शिकवतो.
दहाच्या सुमारास बाई आली, सोबत सासू. आमचे तीन जिने चढताना मध्ये दोनदा बसली. दारात मला बघून हात जोडले. म्हणाली, साहेब, तुमीच त्या परीक्षेले मायं नाव सांगतलं म्हने. तुमच्यामुळं तपासनी झाली मायी. मी लय बोलली मनातल्या मनात तुमाले, मले माफ करा.
तिचा चेहरा दारातूनच दिसत होता. ओठ निळसर. इतके महिने ते निळसरच असणार. पाणी घ्या म्हणालो. सासूने तिला धरून बसवले. पाणी पिताना तिला मध्येच थांबावे लागले. मी तेवढा वेळ भिंतीकडे बघत होतो. मला माझीच किळस आली, हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या दुसऱ्या कोणाची तरी येईल.
भावना तिघांना बसस्टँडवर सोडायला गेली. घरात मी एकटा. टेबलावर पुस्तके, सगळ्यात वर हृदयाचे प्रकरण उघडलेले. दोन पाने वाचली, कळली नाहीत. मग स्टेथोस्कोप काढला, कानात घातला आणि स्वतःच्या छातीवर ठेवून बराच वेळ ऐकत बसलो. नॉर्मल असावे असे वाटते. पण कोणाला तरी विचारून घ्यावे लागेल.