पाटी मोठी करतो

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज ऑफिसला ड्राइव्ह करताना तुमचं एक वाक्य आठवून मी सिग्नलला एकटीच हसत बसले. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, मी बारा वर्षांची. ओहायोतलं आपलं ते छोटं गाव, त्यात मराठी घर एकच. तुम्ही फाउंड्रीत साचे बनवायचात. लाकडाचा नमुना वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या खळग्यात वितळलेला धातू ओतायचा, हे तुमचं काम. गावात वागायचा तुमचा नियम एकच: "आपण पाहुणे. पाहुण्याने घरच्यांच्या भांडणात पडू नये." आई लायब्ररीत नोकरीला, म्हणून शाळा सुटली की मी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेकडे थांबायची. त्या काळ्या होत्या, उंचपुऱ्या, आणि मी त्यांना मावशी म्हणायची. पुढे पुढे त्यांच्या चर्चमधली निम्मी माणसंही त्यांना 'मावशी'च म्हणायला लागली, अर्थ न कळता.

एका शनिवारी मावशी आपल्या किचनमध्ये येतात, चहा घेतात आणि सरळ विषयाला हात घालतात. त्यांचे वडील पोरवयात असताना कोर्टासमोरच्या चौकात जमावाने एका काळ्या न्हाव्याला तुरुंगातून ओढून आणलं आणि झाडाला टांगून मारलं. खटला नाही, चौकशी नाही, कुणाला शिक्षा नाही. त्याचं नावही गावात कुठे लिहिलेलं नाही. चर्चच्या बायकांना त्या चौकात ब्राँझची पाटी लावायची होती. "तुम्ही करून द्याल?" त्यांनी विचारलं. आई पोळी लाटायची थांबली. तुम्ही चहाचा कप बाजूला सारलात. मग खिशातून पेन्सिल काढलीत आणि विचारलंत, "नावाचं स्पेलिंग?"

गावच्या सभेत मात्र अडलं. कौन्सिलमधले एक गृहस्थ म्हणाले, पाटीला हरकत नाही, पण मजकूर सौम्य असावा. 'दुर्दैवी मृत्यू' म्हणा. मावशी उठल्या. "तो मेला नाही. त्याला मारलं. जमावाने मारलं. तसंच लिहायचं." त्यावर ते गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, एवढे सगळे शब्द त्या पाटीवर मावणारच नाहीत." आणि मग तुमचा आवाज आला, तुमच्या त्या नागपुरी वळणाच्या इंग्लिशमध्ये: "सर, पाटी मी बनवतोय. मोठी करतो."

आधी मावशी हसल्या, पोटापासून. मग मागचे, मग सगळेच. टाळ्या इतक्या वाजल्या की अध्यक्षांची हातोडी कुणाला ऐकूच गेली नाही. मोठी पाटी मंजूर झाली.

पुढचे तीन आठवडे आपलं डायनिंग टेबल अक्षरांनी भरलेलं. तुम्ही चिमट्याने एकेक अक्षर उचलून लाकडावर चिकटवता, मावशी चष्मा लावून तपासतात, आणि आई विचारते, "माझ्या पोळ्या मी काय छतावर लाटू?"

पाटी बसली तो ऑक्टोबरमधला रविवार होता, लख्ख उन्हाचा. शिकागोहून बसने त्या न्हाव्याची मुलगी आली होती. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर जांभळी हॅट. ती बापाच्या नावावरून बोट फिरवत राहिली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. थोडी रडली. मग चर्चवाल्यांनी गाणं धरलं, आणि ते गाणं बसून ऐकायचं नव्हतंच. लॉनवरच्या टेबलांवर तळलेलं चिकन, मक्याचा ब्रेड, रताळ्याचं गोड सारण भरलेली पेस्ट्री आणि आईच्या सर्वात मोठ्या पातेल्यातला शिरा. शिरा आधी संपला. हॅटवाल्या आजींनी तुम्हाला गाठलं. "मोठ्या पाटीवाले तुम्हीच ना?" असं म्हणून तुमचा हात धरून त्या नाचायलाच लागल्या. बाबा, गणपतीतसुद्धा कोपरा धरून उभे राहणारे तुम्ही! पाय भलतीकडेच पडत होते, चष्मा नाकावर घसरला होता, आणि तुम्ही थांबत नव्हतात. आई पदराने डोळे पुसत हसत होती. तुम्हाला इतकं खुश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते. माझ्या मुलांनी तर ती इतक्यांदा ऐकली आहे की, "मॉम, वी नो, यू वेअर इन द फ्रंट रो," असं तीच आधी म्हणतात. त्या सभेत मी पुढे नव्हते, बाबा. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर शेवटच्या रांगेत होते. तुम्ही बोलायला उभे राहिलात, तेव्हा तुमच्या इंग्लिशला त्या हसतील या भीतीने मी खाली वाकून बुटाची लेस बांधत बसले.

लेस सुटलेली नव्हती.