पिल्लूच्या सांभाळाबाबत

मी, खाली सही करणारी, शिवणकाम करून पोट भरणारी विधवा बाई, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणील असं आता कोणी उरलेलं नाही. माझं नाव सहीत आहे. ती कोणालाच वाचता येत नाही, पण बँक इतकी वर्षं मानते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वेळच मिळाला नाही.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे. हे मी त्यांना फुकट सांगितलं असतं.

१. माझा आत्मा देवाचा आहे, तो त्याने परत घ्यावा. देह पतीशेजारी पुरावा. पेटी साधी असावी आणि पाळकांनी प्रवचन आवरतं घ्यावं. शेवटच्या दिवशी प्रभू मला उठवील यावर माझा पूर्ण भरवसा आहे, मात्र मला त्या दिवसाची घाई नाही. पहाटे उठून दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं करण्यात जन्म गेला. आधी जरा पडू द्यावं, एवढीच विनंती.

२. शिलाई मशीन माझ्याकडे शिकलेल्या मुलीला द्यावं. तिचा हात चांगला आहे, जीभ सैल आहे. मोठी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने तिने कागद कापला तर मी शेवटच्या दिवसाची वाट पाहणार नाही.

३. दिराच्या मुलाला माझ्या पतीची छत्री. त्याचा डोळा घरावर आहे. परवा येऊन म्हणाला, "काकू, तुमच्यामागे पिल्लूला संस्थेत ठेवू. तिथे सगळी सोय असते." कोणाची सोय, ते मी विचारलं नाही. त्याला छत्री पुष्कळ झाली.

४. आता पिल्लू. हा माझा एकुलता एक मुलगा. चाळिशी उलटली तरी मन लहान पोराचंच राहिलं. बटणं रंगाप्रमाणे लावून देतो, हाक मारली की लगेच येतो, कोणी रागावलं की कान झाकतो. अनोळखी जागी त्याला घास उतरत नाही. एकदा इस्पितळात ठेवला तर पाणीसुद्धा पीत नव्हता. मरणाची मला भीती नाही. याचं पुढे काय होईल, याची आहे, आणि तिथे येऊन माझी प्रार्थनाही अडखळते.

म्हणून हे घर मी माझ्या धाकट्या नणंदेला देत आहे. अट एकच : पिल्लूला याच घरात, शेवटपर्यंत सांभाळावं. काही मिळाल्याशिवाय ती हे अंगावर घेईल असं मला वाटत नाही. ती निवृत्त नर्स आहे, एकटी राहते, आणि आमचं बोलणं चर्चच्या दारात हवापाण्यापुरतं. कारणही लिहून ठेवते. माझे पती गेले तेव्हा पाळक कबरीपाशी म्हणाले, "आपले बंधू पुन्हा उठतील." दुसऱ्या दिवशी पिल्लू बाबांचे बूट पॉलिश करून कबरीवर ठेवून आला. "बाबा अनवाणी कसे चालतील?" एवढा पक्का विश्वास आमच्या मंडळीत कोणाचा नसेल, पाळकांचाही नाही. नणंदेने ते बूट उचलून रखवालदाराला देऊन टाकले. म्हणाली, "लोक हसतात, वहिनी." पिल्लू विसरला. मी विसरले नाही.

तरी नाव तिचंच लिहिते, कारण इस्पितळात पिल्लू अखेर पाणी प्यायला तो तिच्याच हातून.

५. पुरवणी. वरचं लिहून झाल्यावर आज वकीलबाई आल्या. साक्षीला पाळक आणि शेजारचे डॉक्टर यायचे होते. डॉक्टरांना जमलं नाही, म्हणून पाळकांनी चर्चमधून येताना नणंदेलाच आणलं. तिने पेन उचललं तशा वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला सही करता येणार नाही. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष केली, तर त्याची मिळकत जाते."

"मला कसली मिळकत?" म्हणून तिने कागद ओढून घेतला आणि उभ्याउभ्याच सगळा वाचला, बुटांसकट. मी मशीनच्या चाकाकडे बघत बसले.

"बुटांचं खोडू का?" वकीलबाईंनी विचारलं.

"राहू द्या, खरं आहे ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, घर पिल्लूच्या नावावर करा. म्हणजे मला सही करता येईल."

"आणि तुम्हाला काय राहिलं, वन्सं?"

"पिल्लू आहे की. आणि मी उद्यापासूनच राहायला येते. तुमचा चेहरा बघवत नाही."

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

तेव्हा कलम ४ मधलं नणंदेला दिलेलं घर रद्द. घर पिल्लूचं, आणि पिल्लू त्याच्या आत्याचा. माझी आणखी काही इच्छा उरलेली नाही.

ठिकाण : शिवणाची खोली
दिनांक : रविवार, उपासनेनंतर

(सही)

साक्षीदार :
१. पाळक (सही)
२. नणंद (सही)